म्हातारं कुत्रं लंगडून राहिलं तर आधी काय करायचं, मग काय

कुत्रा नऊ-दहा वर्षांचा झाला आणि जिना चढायला नाही म्हणू लागला की घरातले म्हणतात, वय झालं न आता त्याचं, आणि विषय तिथंच संपतो. आमच्या राणीच्या वेळेस (लॅब्राडॉर, तेव्हा दहाची) पण येणारा-जाणारा प्रत्येक जण हेच सांगून राहिला होता. वय झालेलंच असते, पण पाय दुखत असेल तर त्याचं पुष्कळ काही करता येते आणि त्यातलं अर्धं तर घरातल्या घरात होते.

गोंधळ होतो तो क्रमाचा. बहुतेक लोक आधी घरातली दुखण्याची गोळी देतात, मग तेल चोळतात, मग कोणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमची बाटली आणतात, मग कोणाकडून तरी सुई मारून घेतात आणि एवढं सगळं झाल्यावर एक्स-रे काढतात. हे नेमकं उलटं आहे. खाली मी ज्या क्रमाने लिहिलं आहे त्या क्रमाने चला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचा डोस डॉक्टरच ठरवतील, पण डॉक्टरसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी काय बदलायचं हे तुम्हाला इथं कळेल.

१. आधी चार दिवस नीट पाहा आणि व्हिडिओ काढा

कुत्रा दुखतंय म्हणून ओरडेलच असं समजू नका. सांध्याचं जुनं दुखणं असलेले कुत्रे बहुतेक वेळा गपचूप असतात, फक्त सवयी बदलतात. सकाळी उठताना वेळ लागतो, पहिली दहा-वीस पावलं आखडून टाकतो आणि मग बरा चालतो (हे सांध्याच्या दुखण्याचं अगदी टिपिकल लक्षण आहे, आणि यामुळेच लोक फसतात, की बघा आता तर नीट चालून राहिला). सोफ्यावर चढणं सोडतो. बसताना धपकन बसतो. पाय वर करून लघवी करणारा नर खाली बसून करायला लागतो. एकच मनगट किंवा एकच गुडघा चाटत बसतो. रात्री जागा बदलत राहतो, धापा टाकतो. मागून हात लावला की गुरकावतो, जो आधी कधीच गुरकावत नव्हता. मागच्या मांड्या बारीक होतात आणि छाती-खांदे रुंद दिसतात, कारण सगळं वजन तो पुढच्या पायांवर घेऊन राहिला असतो.

कोणता पाय दुखतो हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली जाते. लोक उलट समजतात, डोकं खाली गेलं तो पाय दुखतो म्हणून सांगतात. मागचा पाय असेल तर मागून बघा, दुखणाऱ्या बाजूचं कंबरेचं हाड चालताना जास्त वर-खाली होते.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. एक बाजूने चालतानाचा, एक समोरून, एक मागून, आणि सकाळी झोपेतून उठतानाचा तर नक्की. दवाखान्यात गेल्यावर कुत्रा घाबरून इतका ताठ होतो की लंगडायचंच विसरतो, मग डॉक्टर म्हणतात हा तर बरा दिसतो आणि तुम्ही तोंडात मारल्यासारखे उभे.

आणि हो, चार दिवस पाहण्याआधी पंजे उलटे करून बघा. काटा, काच, बोटांच्या मध्ये गोचीड, वाढून आत वळलेलं नख, उन्हाने भाजलेली पंजाखालची गादी, यातलं काही असेल तर सांध्यापर्यंत जायची गरजच नाही.

२. यातलं काही दिसलं तर चार दिवस पण थांबू नका

— पाय अजिबात टेकतच नाही.
— चालताना पंजा उलटा पडतो, नखं फरशीवर घासतात, किंवा मागचा भाग अचानक लुळा पडला. हा मणक्याचा किंवा नसांचा प्रकार असू शकतो आणि त्यात तासांना किंमत असते, खासकरून डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात.
— लघवी-शी वरचा ताबा गेला.
— ताप, जेवण बंद, आणि आज हा पाय उद्या तो पाय असं लंगडणं.
— मोठ्या जातीच्या कुत्र्यात मनगटाच्या वर किंवा गुडघ्याजवळ हाडाला लागून कडक सूज. हाडाचा कॅन्सर असा दिसू शकतो. घाबरवायचं नाही मला, पण या सुजेला तेल चोळत महिना घालवू नका.

त्यातल्या ताप आणि पाय बदलून लंगडण्याबद्दल थोडं जास्त सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात गोचीड किती होतात हे सांगायला नको. गोचीडांमुळे होणाऱ्या टिक फीव्हरमध्ये सांधे सुजतात, दुखतात आणि कुत्रा म्हातारा असला की सगळे त्याला संधिवात समजून मोकळे होतात. याची ब्लड टेस्ट असते, प्लेटलेट कमी येतात, आणि डॉक्टरने दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स (साधारण चार आठवड्यांचा असतो) पूर्ण केला तर पुष्कळ कुत्रे चांगले होतात. म्हणून लंगडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याची ब्लड टेस्ट करताना टिक फीव्हरची पण करा म्हणून तुम्हीच आठवण करून द्या.

३. दवाखान्यात जाताना काय न्यायचं

लसीकरणाचं कार्ड. आधीचे सगळे कागद, प्रिस्क्रिप्शन, ब्लड रिपोर्ट, एक्स-रे फिल्म असेल तर फिल्म (फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो बहुतेक वेळा कामाचा नसतो). आत्तापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाच्या पट्टीचा फोटो, खाजेसाठी दिलेल्या गोळ्यांचा सुद्धा, हे का ते सातव्या मुद्द्यात येईल. व्हिडिओ. आजचं वजन. पट्टा आणि तोंडाला बांधायला मझल किंवा मऊ ओढणी, कारण दुखणारा सांधा वाकवून पाहताना लाडाचा कुत्रा पण चावतो.

न्यायचं कसं हा वेगळाच प्रश्न आहे. तीस-पस्तीस किलोचा लॅब उचलायचा असेल तर जाड चादर अंथरा, कुत्र्याला मधे घ्या आणि दोघांनी चार टोकं धरून उचला. नुसते पुढचे पाय धरून ओढू नका. आणि अॅक्टिवाच्या पायदानावर उभं करून न्यायची सवय असेल तर ती आता बंद, चढताना नाही इतकं उतरताना उडी मारली की सांध्याला बसते. ऑटोवाल्याला आधीच सांगा कुत्रा आहे म्हणून, थोडे पैसे जास्त घेतो पण येतो.

कुठे जायचं? खासगी डॉक्टर आपल्या नागपूर शहरात भरपूर आहेत, तुमचा नेहमीचा असेल तर तिथूनच सुरुवात करा. गुंतागुंत वाटली किंवा दुसरं मत हवं असलं तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, आता माफसू, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. ते शिकवायचं हॉस्पिटल आहे त्यामुळे विद्यार्थी असतात, एकच प्रश्न दोन-तीन जण विचारतात, वेळ हाताशी ठेवून सकाळी जा. उन्हाळ्यात तर सकाळीच, म्हातारा कुत्रा दुपारच्या उन्हात रांगेत बसवणं म्हणजे नवीन आजार घेऊन येणं.

४. नाव काढून घ्या: नेमकं झालं काय

लंगडणं हे लक्षण आहे. डॉक्टर कडून आजाराचं नाव कागदावर लिहून घ्या. म्हाताऱ्या कुत्र्यात सगळ्यात जास्त दिसतो तो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातलं कार्टिलेज (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजतं, सांध्याला सूज राहते, कडेला हाड वाढतं. लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात याचं मूळ बरेचदा लहानपणापासूनच्या हिप डिस्प्लेसियात (खुब्याचा सांधा नीट न बसणं) असते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी सरकते, मधेच तीन पायांवर दोन उड्या मारून परत चार पायांवर येतात, लोकांना ती गंमत वाटते. जाड लॅबला अचानक मागचा पाय टेकवेना आणि बसताना एक पाय बाहेर काढून बसायला लागला तर गुडघ्याचं लिगामेंट तुटलेलं असू शकते, त्याला ऑपरेशनचा विचार करावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आणि जर्मन शेफर्डमध्ये एक नसांचा आजार असतो ज्यात मागचे पाय हळूहळू लुळे पडतात पण दुखत नाही, त्याला पेनकिलर देऊन काहीच होणार नाही. बघा, पाचही वेळा घरचे सांगणार एकच, लंगडते म्हणून.

कंबरेचा नीट एक्स-रे काढायला पाय ताणून धरावे लागतात, त्यासाठी बरेचदा गुंगी देतात. त्यामुळे फोनवरच विचारा, उपाशी आणायचं का आणि किती तास. पोटभर पोळी-दूध खाऊ घालून नेलं की परत उद्या या.

एक्स-रे पाहून घाबरू पण नका आणि निर्धास्त पण होऊ नका. फोटोत सांधा भयानक दिसणारा कुत्रा मजेत फिरत असतो आणि फोटोत थोडंच दिसणारा कण्हत असतो. डॉक्टरने हाताने सांधा वाकवून पाहिला का, तेव्हा कुत्र्याने काय केलं, हे एक्स-रे इतकंच महत्त्वाचं आहे.

५. घरी आल्यावर पहिलं काम फरशीचं

हे मी गोळ्यांच्या आधी ठेवलं आहे ते मुद्दाम. आपल्या घरात आता सगळीकडे चकचकीत टाइल्स. त्यावर म्हातारा कुत्रा उठायला गेला की मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, तो घाबरतो, स्नायू ताणले जातात, आणि मग तो उठायचंच टाळतो. न उठल्याने स्नायू अजून कमी होतात. दिवसातून पन्नास वेळा हे होऊन राहिलं असेल तर कोणती गोळी पुरणार आहे?

पूर्ण घर झाकायची गरज नाही. त्याचा रस्ता झाका. झोपायची जागा ते पाण्याचं भांडं, तिथून दार, तिथून तुमचा पलंग. रबराचे मॅट, जुने योगा मॅट कापून, रबरी पाठ असलेलं पायदान, काहीही चालते, फक्त ते स्वतः सरकायला नको. नुसती सतरंजी टाकली तर कुत्रा सतरंजीसकट घसरतो, खाली पकड असलेली जाळी किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. इतवारीच्या बाजारात रबर मॅट मीटरवर कापून मिळून जातात.

पंजाच्या गाद्यांच्या मधले केस कापा, गोल्डन आणि ल्हासाचे तर इतके वाढतात की ते मोज्यावर चालून राहिले असतात. नखं वेळेवर कापा, म्हातारा कुत्रा कमी चालतो म्हणून नखं घासली जात नाहीत, लांब नखाने पंजाचा कोन बदलतो आणि सांध्यावर ताण येतो.

आता कूलर. नागपुरात एप्रिल ते जून कुत्रा कुठे झोपतो हे काय सांगायचं, कूलरच्या अगदी तोंडासमोर, ओल्या थंडगार फरशीवर, रात्रभर. सकाळी आखडलेला उठतो. तुम्ही जाड फोमची गादी टाकली तर तो त्यावर झोपणारच नाही, गरम होते न त्याला. यावर जमलेला उपाय सांगतो: गादी तीन-चार इंचाची पण वरून साधं सुती कव्हर, आणि ती कूलरच्या समोर न ठेवता बाजूला, जिथं हवा फिरून येते पण शिंतोडे येत नाहीत. गादी इतकी उंच नको की चढावं लागेल. आणि बोटाने दाबल्यावर खालची फरशी लागत असेल तर ती गादी उपयोगाची नाही, कोपराला घट्टे पडतात.

जिन्याला दार किंवा आडवी फळी लावा, तुम्ही घरात नसताना तो चढतोच. बाहेर दोन-तीन पायऱ्या असतील तर प्लायवूडची उतरंड करून त्यावर जुना गालिचा ठोका, जितकी लांब तितका चढ कमी. जेवणाचं भांडं थोडं उंचावर ठेवल्याने मान आणि पुढचे पाय दुखणाऱ्यांना बरं पडते. मागून उठवायला मदत लागत असेल तर जुन्या टॉवेलचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या जरा पुढे घ्या आणि तुम्ही फक्त आधार द्या, पूर्ण उचलू नका. नर असेल तर लघवीच्या जागेवर पट्टा दाबला जात नाही ना बघा.

६. वजन, म्हणजे घरातली खरी भांडणं

लॅब्राडॉरवर झालेला एक जुना अभ्यास आहे, २००२ मध्ये छापून आला. ४८ लॅब पिल्लं घेतली, जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, आयुष्यभर. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, दुसरे ११.२. आणि सांध्याचा त्रास कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाला. जाड कुत्र्यांवर झालेल्या दुसऱ्या एका कामात वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तेव्हापासूनच लंगडणं कमी दिसू लागलं. म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्यात साधारण दोन किलो. एवढं तर होऊ शकते ना.

हाताने तपासा. बरगड्यांवर तळहात सपाट फिरवा, न दाबता हाडं लागली पाहिजेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. महिन्यातून दोनदा वजन करा, स्वतः कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहा आणि मग आपलं वजन वजा करा. मोठा कुत्रा असेल तर दवाखान्यात काटा असतो, नुसतं वजन करायला जा, कोणी नाही म्हणत नाही.

अडचण जेवणाच्या भांड्यात नसते, भांड्याबाहेर असते. आजोबा सकाळच्या चहासोबत दोन बिस्किटं देतात, आई तूप लावलेली शेवटची पोळी देते, लेकरं कुरकुरे देतात, आणि रविवारी सावजीच्या रश्श्यातली हाडं. प्रत्येक जण म्हणतो मी तर एवढंसंच दिलं. एक डबा करा. सकाळी दिवसभराचा खाऊ त्या डब्यात मोजून टाका आणि सगळ्यांना सांगा, द्यायचं ते यातूनच, डबा संपला की दिवस संपला. आजोबांना देण्याचं सुख मिळते आणि कुत्र्याला हिशेबात मिळते. डब्यात उकडलेलं गाजर, लौकी, कोहळं, फरसबी असं टाका. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको, ते कुत्र्याच्या रक्ताला बाधते, त्यामुळे रस्सा तर विसराच. द्राक्षं-मनुका पण नाही. संत्र्याच्या एक-दोन फोडी बिया-साल काढून दिल्या तर चालतात, आपल्या गावात राहून संत्रं नाही द्यायचं म्हणजे जरा जास्तच होईल.

एकदम उपाशी ठेवून वजन उतरवू नका, स्नायू जातात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायूच पाहिजे आहेत. प्रोटीन ठेवा, पोळी-भात-तूप कमी करा.

७. गोळ्या: इथं सगळ्यात जास्त कुत्रे बिघडतात

माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान, निमेसुलाइड, अॅस्पिरिन, काहीच नाही. पोटात अल्सर होतो, रक्त पडते, किडनी जाते, आणि हे एक-दोन गोळ्यांतही होऊ शकते. पॅरासिटामॉल पण स्वतःच्या मनाने नाही, लिव्हरला लागते, आणि घरात मांजर असेल तर तिच्या आसपास पण नको, मांजर एका गोळीत मरू शकते. बाहेरून लावायचे बाम आणि जेल सुद्धा नाही. व्होलिनीत डायक्लोफेनॅक असते, मूव्ह आणि आयोडेक्समध्ये मिथाइल सॅलिसिलेट, आणि कुत्रा ते चाटणार म्हणजे चाटणार.

डायक्लोफेनॅकचं एक वेगळं पण आहे. औषध दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मेली, म्हणून भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, आणि २०२३ मध्ये एसीक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेन पण. तरी कोणी ढोरांच्या औषधातून काढून देत असेल तर घेऊ नका.

मग द्यायचं काय? डॉक्टर बहुतेक मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन किंवा फिरोकॉक्सिबपैकी काहीतरी लिहितात. कुत्र्यांसाठीचं. आता कोणी म्हणेल मेलॉक्सिकॅम तर मेडिकलमध्ये माणसांचं पण मिळते. मिळते, पण ती गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते, आणि कुत्र्याचा रोजचा डोस साधारण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. पाच किलोच्या पॉमला रोज अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे ७.५ च्या एका गोळीत त्याचे पंधरा दिवस बसतात, आणि लोक "छोटीशीच तर आहे" म्हणून अख्खी देतात.

सुरू करण्याआधी किडनी-लिव्हरची ब्लड टेस्ट मागा. डॉक्टरने सांगितली नाही तर तुम्ही विचारा. काही आठवड्यांनी परत एकदा, आणि चालूच राहणार असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी.

गोळी जेवणासोबत. उलटी, जुलाब, काळी चिकट शी, जेवण बंद, खूप पाणी पिणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि आधी डॉक्टरला फोन करा. आणि आपल्या उन्हाळ्यात हे फार लक्षात ठेवा: शरीरात पाणी कमी असताना ही औषधं किडनीवर जास्त जोर करतात. पारा ४५ च्या वर, लाइट गेलेली, कूलर बंद, कुत्रा धापा टाकून राहिला आणि पाणी पिऊन नाही राहिला, तर त्या दिवशी आधी कुत्र्याला थंड करा, पाणी पाजा आणि गोळीबद्दल विचारून मगच द्या. घरात पाण्याची भांडी एक नाही, तीन-चार ठेवा, प्रत्येक खोलीत, दुखणारा कुत्रा तहान लागली तरी लांब जायचा कंटाळा करतो.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सुई. "एक सुई मारली की पळायला लागते" असं जे सांगतात ती बरेचदा स्टेरॉइडची असते. कुत्रा खरंच दोन दिवस पळतो. मग तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे जाता, तो मेलॉक्सिकॅम लिहितो, त्याला सुईचं माहीतच नाही, आणि स्टेरॉइडवर हे औषध पडलं की पोट फाटायची वेळ येते. म्हणून कोणीही इंजेक्शन दिलं तर नाव आणि तारीख कागदावर लिहून घ्या, न लिहून दिलं तर तिथून उठा. खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू असेल तर तेही स्टेरॉइडच आहे, पट्टीचा फोटो न्या म्हणालो ते यासाठी.

नसांचं दुखणं असेल किंवा एकट्या औषधाने भागत नसेल तर गॅबापेंटिन जोडतात. सुरुवातीला कुत्रा झोपाळू आणि डुलणारा होतो, एकदम बंद करायचं नसते. माणसांचं पातळ औषध दिलं तर बाटलीवर झायलिटॉल लिहिलं आहे का बघा, ती साखर कुत्र्याला विषारी आहे.

अजून एक, गोळीने बरं वाटायला लागलं की कुत्रा परत पिल्लासारखा उड्या मारतो आणि आपण पण खूश होऊन बॉल फेकतो. आठवडाभर तरी त्याला आवरा.

८. फिरवणं बंद नाही करायचं, तुकडे करायचे

दुखते म्हणून पूर्ण आराम दिला तर सांधा अजून आखडतो. एकदाच तासभर नेण्यापेक्षा दिवसातून तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं, पट्ट्यावर, एका चालीने. रविवारी अंबाझरी तलावावर मोठी चक्कर आणि बाकी आठवडा घरी, असं नको, सोमवारी तो उठणार नाही. बॉल, फ्रिसबी, अचानक वळणं बंद. घर ते कोपरा आणि परत, रोज, हे पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त आखडला तर काल जास्त झालं, तेवढं कमी करा.

उन्हाळ्यात रस्त्यावर उलटा तळहात ठेवा, सात सेकंद ठेवता नाही आला तर कुत्र्यालाही नाही. मे महिन्यात डांबर सूर्य मावळल्यावर पण बराच वेळ तापलेलं असते, सिमेंट रोड पण, त्यामुळे पहाटे आणि रात्री जेवणानंतर उशिरा. मातीची किंवा गवताची पट्टी शोधा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा उलट, ऊन वर आल्यावर न्या, आणि निघण्याआधी दोन मिनिटं घरातच हळू चालवा.

घरी करायचा साधा व्यायाम: बस म्हणा, मग उभं करा, हातात खाऊ ठेवून, चार-पाच वेळा, मॅटवर. जमिनीवर दोन-तीन झाडूचे दांडे ठेवून त्यावरून हळू चालवा, पाय उचलायची सवय राहते. पोहणं सांध्याला चांगलं असते पण ते आधार धरून, स्वच्छ पाण्यात आणि जाणत्या माणसासमोर. फुटाळा तलावात उतरवू नका.

९. शेक, तेल, पावडर

शेक थंडीत उपयोगी आहे, गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, आधी आपल्या मनगटावर पाहून, दहा-पंधरा मिनिटं. ताजी सूज असेल आणि सांधा हाताला गरम लागत असेल तर शेक नाही, थंड कपडा. मालिश स्नायूंवर, हलक्या हाताने, सांध्यावर जोर देऊन नाही. तेलाने फरशी निसरडी होते आणि कुत्रा चाटतो, मालिश कोरड्या हाताने पण तेवढीच चांगली होते.

कॅल्शियमने म्हाताऱ्या कुत्र्याचा संधिवात बरा होत नाही. कार्टिलेजची झीज ही कॅल्शियमची कमतरता नाहीच. पैसे वाचवा. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मात्र बऱ्यापैकी कामाचं आहे, डोस डॉक्टरला विचारून, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, जास्त दिलं तर जुलाब. ग्लुकोसामाइनचा पुरावा कच्चा आहे, नुकसान सहसा नाही, बजेट असेल तर द्या आणि नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, ते पैसे मॅटवर लावा.

१०. कॅलेंडरवर खूण

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण. बरा दिवस असेल तर बरोबर, वाईट असेल तर फुली. सोबत गोळी दिली का, शी कशी होती. आपली आठवण कामाची नाही, काल लंगडला तेवढंच लक्षात राहते. महिन्याच्या शेवटी ते पान डॉक्टरला दाखवा, डोस कमी करता येईल का, बदलायचा का, हे त्यावरून ठरते. मनाने बंद करू नका आणि मनाने वाढवू पण नका. फुल्या वाढतच गेल्या, उठवल्याशिवाय उठत नाही, जेवणात रस नाही, स्वतःच्या लघवीत पडून राहतो, अशी वेळ आली तर पुढे काय करायचं हे पण त्याच डॉक्टरशी मोकळेपणाने बोला, लवकर बोलल्याने काही बिघडत नाही.

११. आणि गल्लीतला म्हातारा कुत्रा

बरेच जण घरच्यासाठी नाही, गल्लीतल्यासाठी विचारतात. त्याला रोजची पेनकिलर चालू करणं कठीण, कारण ब्लड टेस्ट कोण करणार आणि उलटी झाली हे कोण पाहणार. पण गोणपाटाची जाड घडी कोरड्या कोपऱ्यात, गाडीखाली नाही. पावसाळ्यात गोचीडाचं औषध. उन्हाळ्यात सावलीत पाण्याचं मातीचं भांडं. त्याच्या जागेजवळच जेवण, म्हणजे बाकीच्या कुत्र्यांशी भांडून पळावं लागणार नाही. दुखणाऱ्या पायाला हात लावायला जाऊ नका, चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

आणि डॉक्टरने पाहून औषध दिलंच असेल तर द्यायला एकच माणूस ठरवा, बाकीच्यांना तसं सांगा. नाहीतर सकाळी दूधवाला देतो, दुपारी शेजारच्या काकू पोळीत घालून देतात, रात्री तुम्ही, आणि त्याच्या पोटात दिवसाला तीन गोळ्या जातात.